झणझणीत मेक्सिकन टोफू घरी करायचाय, मसाला आत मुरतच नाही

शेवंती
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय, आज विचारायचं म्हणून लिहायला बसले. माझा लेक चार वर्षं टेक्सासात सॅन अँटोनिओला होता, गेल्या महिन्यात कायमचा पुण्याला परत आला. तिकडे असतानाच त्याने दूधदुभतं सोडलं, म्हणजे पनीर, चीज, दही, तूप सगळंच बंद, आणि मांसमच्छी आमच्याकडे आधीपासूनच नाही. त्यामुळे आता घरात टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, येतो. तिकडे तो चिपोटले नावाच्या मेक्सिकन हॉटेलात सोफ्रितास म्हणून एक टोफूचा प्रकार खायचा, खाली भात, त्यावर राजम्यासारखे दाणे, मक्याचे दाणे आणि वर तो तांबडा टोफू. दोनदा बोलता बोलता विषय निघाला आणि दोन्ही वेळेला तो गप्प झाला, तेव्हाच ठरवलं की हे घरी जमवायचं.

आतापर्यंत तीनदा केलं. पहिल्यांदा पनीरसारखे चौकोनी तुकडे करून बाजारात मिळणारा टॅको मसाला घालून परतले, तर तव्यात पाणीच पाणी झालं आणि तुकडे आतून पांढरेफटक. दुसऱ्यांदा तळले, ते रबरासारखे झाले. तिसऱ्यांदा रात्रभर तेल-मसाल्यात मुरवून फ्रीजमध्ये ठेवले, सकाळी बघते तर मसाला नुसता वरून माखलेला, आत काही नाही. आणि त्या पाकिटाची चव म्हणजे जिरं आणि मीठ, बाकी काही लागत नाही. लेक मुकाट्याने खातो, पण मला समाधान नाही.

टोफूत मसाला आत कसा घालवायचा आणि तो खरा मेक्सिकन वास कशाने येतो, कुणी केलं असेल तर नीट सांगा प्लीज. तिकडच्या मिरच्या इथे मिळत नाहीत हे धरून सांगा.

नवशिका
मस्त विषय. मलाही हेच होतं, टोफू सोडून दिला होता. वाचतोय.

ह्यूस्टनकर
शेवंतीताई, मी वीस वर्षं इथे ह्यूस्टनला आहे, सोफ्रितास २०१३ मध्ये आलं, आधी कॅलिफोर्नियात आणि मग सगळीकडे. त्यात टोफूचे तुकडे नसतातच. टोफू कुस्करलेला असतो आणि चिपोटले मिरची, भाजलेली पोब्लानो मिरची, टोमॅटो ह्यांच्या रश्श्यात शिजवलेला असतो. म्हणजे तुमची पहिली अडचण तुकड्यांपाशीच सुटते, सुरीच बाजूला ठेवा. हाताने कुस्करा, पोह्यांपेक्षा मोठे, हरभऱ्याएवढे खडबडीत तुकडे. सुरीने कापलेला टोफू गुळगुळीत असतो, त्याला रस्सा धरत नाही, तुटलेल्याच्या खाचाखळग्यात धरतो.

चिपोटले हे दुकानाचं नाव मिरचीवरूनच आलंय. मिरचीचं नाव म्हणजे मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतले दोन शब्द, मिरची आणि धूर. हालापेन्यो मिरची झाडावरच लाल होऊ द्यायची आणि मग लाकडाच्या धुरावर वाळवायची. हालापेन्यो गरदार असते, आपल्या मिरच्यांसारखी नुसती उन्हात टाकली तर वाळायच्या आधी सडते, म्हणून धूर. तुमच्या पाकिटात नेमका हाच धूर नाहीये. तो मसाला टेक्सासच्या वळणाचा आहे, जिरं पुढे असलेला.

शेवंती
म्हणजे मी जिऱ्यातच अडकले होते. धन्यवाद दादा. पण कुस्करला तर अजून पाणी नाही का सुटणार?

लातूरची_लेक
पाण्याचं मी सांगते, आमच्याकडे घरच्या सोयाबीनचा टोफू करतो म्हणून सवय आहे. ताई, टोफूचं बहुतेक वजन म्हणजे पाणीच. तो आधीच पाण्याने गच्च भरलेला असतो, त्यात तुम्ही तेल घालून मुरवताय, तेल आत शिरणार कुठून? आधी जागा करायला लागते. तीन रस्ते आहेत, मी तिन्ही करते दिवस बघून.

घाई असेल तर पातेल्यात पाणी उकळून त्यात चांगलं खारट होईल इतकं मीठ घालायचं, टोफूचे जाड तुकडे त्यात पंधरा मिनिटं ठेवायचे आणि मग काढून फडक्यावर निथळवायचे. ऐकायला उलटं वाटतं, पण गरम खाऱ्या पाण्याने वरचा थर घट्ट होतो, आतलं पाणी बाहेर येतं आणि मीठ आतपर्यंत जातं. नंतर कितीही मसाला घातला तरी टोफू आतून अळणी लागतो ना, ते मीठ आत न गेल्यामुळे.

वेळ असेल तर दाबायचा. सुती फडक्यात गुंडाळून दोन ताटांच्या मध्ये, वर वरवंटा किंवा पाण्याने भरलेला डबा, अर्धा तास. आपण पनीर दाबतो तसंच.

आणि आदल्या दिवशी आठवण झाली तर सरळ फ्रीझरमध्ये. पाण्याचा बर्फ होताना टोफूत बारीक बारीक पोकळ्या तयार होतात, वितळला की स्पंजासारखा पिळता येतो आणि पिळलेला स्पंज रस्सा ओढून घेतो. फ्रीझरमधून काढल्यावर तो पिवळसर दिसतो, घाबरू नका, खराब झालेला नसतो, वितळला की पुन्हा पांढरा होतो. जपानमध्ये गोठवून वाळवलेला टोफू हा वेगळा पदार्थच आहे. तुमच्या ह्या कामाला मी फ्रीझरवालाच सुचवेन, खाताना दाताला थोडा चिवटपणा लागतो.

फक्त पाकिटावर फर्म किंवा एक्स्ट्रा फर्म लिहिलंय ना बघा. सिल्कन असेल तर तो ह्यात घालूच नका, त्याची खीर होते.

ओवी
लातूरची_लेक, फ्रीझरवालं करून बघितलंय, खरंच फरक पडतो. पिळताना दोन तळव्यांत धरून हळू दाबायचं, मुठीत आवळलं तर भुगा होतो.

तांबडारस्सा
कोल्हापूरकडून सांगतो, एवढी भानगड कशाला, लवंगी मिरची वाटून घाला, वर कांदा लसूण चटणी दोन चमचे, झणझणीत होतंय का नाही बघा. टोफू असो की बटाटा.

चाकणकर
तांबडारस्सा भाऊ, झणझणीत होईल ह्यात वाद नाही, पण ते कोल्हापुरी टोफू होईल. शेवंतीताईंच्या मुलाला ती चव हवीये आणि ती तिखटातून येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाड्यांच्या कामामुळे मी तीन वर्षं मेक्सिकोत पुएब्लाला होतो. घरमालकीण साठीच्या पुढची बाई, तिच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच उभा राहिलो, कारण समोर आपला पाटा-वरवंटा होता. त्याला ते मेताते म्हणतात, तीन पायांचा, जरासा उतरता, आणि दोन्ही हातांनी धरायचा लांबट दगड. आपल्यासारखा खलही, काळ्या दगडाचा, त्याला मोल्काहेते. तवा म्हणजे कोमाल. त्या दिवसापासून मी तिच्याकडे माझ्या आजीच्या हाताखाली शिकतात तसा शिकलो, भाषा येत नव्हती तरी काही अडलं नाही.

तिच्याकडे एक गोष्ट मनावर पक्की ठसली. वाळलेली मिरची हा तिथे मसाल्याचा एक घटक नाही, भाजीच्या तोलाचा पदार्थ आहे. आपण मिरचीपूड चमच्याने घालतो, ते अख्ख्या मिरच्या मूठभर घेतात, बिया आणि शिरा काढतात म्हणजे तिखटपणा बराच कमी होतो आणि मग त्या मिरचीचा गर हाच रस्सा. एकेक मिरचीची चव वेगळी. ओली असताना एक नाव आणि वाळली की दुसरं नाव, पोब्लानो वाळली की आंचो, चिलाका वाळली की पासिया, मिरासोल वाळली की ग्वाहियो. आंचोला मनुकांसारखा गोडसर वास, ग्वाहियो लालभडक आणि किंचित आंबट, तिखट हवंच असेल तर आर्बोल म्हणून बारीक मिरची, ती आपल्या लवंगीच्या जवळची.

कृती सगळीकडे साधारण हीच. आधी कोमालवर मिरची कोरडीच टेकवायची, दहा-पंधरा सेकंद एका बाजूने, तेवढीच दुसऱ्या बाजूने, फुगल्यासारखी होते आणि वास सुटतो, की लगेच खाली. काळी पडली की संपलं, तो कडवटपणा साखरेने जात नाही, गुळाने जात नाही, ती मिरची टाकूनच द्यायची. मग गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायची. त्याच तव्यावर टोमॅटो, कांद्याच्या जाड चकत्या, सालासकट लसूण, सगळं डाग पडेपर्यंत भाजायचं. सगळं एकत्र वाटायचं. आणि पुढची पायरी बहुतेक लोक गाळतात. वाटण रश्श्यात ओतायचं नाही, आधी गरम तेलात घालायचं. घातल्या घातल्या चरचर आवाज यायला हवा. आणि ते तेलात परतत राहायचं, रंग केशरी लालवरून विटकरी होईपर्यंत आणि कडेने तेल सुटेपर्यंत. आपल्या आया वाटण परततात तेच. कच्चं वाटण उकळलं तर कच्चंच लागतं.

म्हणून ताई, तुम्हाला ह्यातलं काही नव्याने शिकायचं नाहीये. तुम्ही आमटी-उसळीला जे करता तेच करायचंय, पाकिटामुळे ते करायचं राहून गेलं एवढंच.

शेवंती
चाकणकर दादा, डोळ्यासमोर उभं केलंत. पाटा-वरवंटा अजून आहे माझ्याकडे, सासूबाईंचा. आता मिरच्यांचं सांगा, इथे कोणती घेऊ?

चाकणकर
ग्वाहियोच्या जागी बेडगी, डोळे मिटून. रंग, कमी तिखटपणा, सुरकुतलेली साल, पुष्कळ साम्य आहे. आंचोसाठी जवळचं काही नाही, मी काश्मिरी मिरची घेतो आणि वाटताना चार काळ्या मनुका किंवा अर्धा खजूर घालतो, त्याने तो खालचा गोडवा येतो. ओली पोब्लानो भाजून घालायची तर भज्यांची मोठी भावनगरी मिरची आणि अर्धी ढोबळी मिरची गॅसवर वांग्यासारखी काळी होईपर्यंत भाजा, वाटीखाली दहा मिनिटं झाका, साल आपसूक निघते. पाण्याखाली धुऊ नका, चव वाहून जाते.

चिपोटलेचा प्रश्न राहतो. मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन अडोबोमध्ये बुडवलेल्या चिपोटलेचा डबा मिळतो, महाग असतो पण एका वेळी एक-दोनच मिरच्या लागतात, उरलेल्या एकेक करून गोठवून ठेवता येतात.

म्हापसेकरीण
अडोबो वाचून थांबले. आम्हा गोयंकारांना ह्यात नवीन काही वाटणार नाही. तांबड्या मिरच्या, लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी आणि व्हिनेगर एकत्र वाटायचं, हा तर आमचा रेशाद मसाला झाला, जो आम्ही बांगड्यात भरतो. चिपोटलेच्या डब्यातला अडोबो म्हणजे टोमॅटो, व्हिनेगर, लसूण आणि मसाले, थोड्याफार फरकाने तेच. आणि तसं असणारच, मिरची मूळची मेक्सिकोकडची, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जहाजातून आमच्याकडे आणली, आणि व्हिनेगरमध्ये मुरवायची रीतही तिकडूनच आली. आमच्याकडे माडाच्या सुरेचं व्हिनेगर वापरतात, त्याला मऊ आंबटपणा असतो. मेक्सिकोत स्पॅनिश गेले, गोव्यात पोर्तुगीज आले, दोन्हीकडे मिरचीला व्हिनेगर मिळालं.

सांगायचं ते हे, की शेवंतीताय, तयार रेशाद मसाला मिळाला तर दोन चमचे घेऊन त्यात भाजलेले टोमॅटो वाटा, अर्धं काम होतं. फक्त हळद आणि चिंच नसलेला बघा, किंवा घरीच करा. मी परवाच अशी टोफूची भाजी केली, पोईत, म्हणजे आमच्या गोव्याच्या पावात, भरून खाल्ली, सुंदर झाली.

ह्यूस्टनकर
म्हापसेकरीण, हे डोक्यात आलंच नव्हतं, रेशादची बाटली घरात आहे. ह्या वीकेंडला करतो.

एक मात्र म्हणेन, टेक्सासच्या जिऱ्याला कमी लेखू नका. सॅन अँटोनिओला जुन्या काळी बायका चौकात मोठ्या कढया मांडून चिली, म्हणजे मिरच्यांतला मांसाचा रस्सा, विकायच्या, ते त्या गावाचं वैशिष्ट्य होतं. आणि तयार मिरची मसाल्याची पूड बाटलीत भरून विकायला १८९० च्या दशकात टेक्सासातच गेभार्ट ह्या जर्मन माणसाने सुरुवात केली. शेवंतीताईंच्या मुलाच्या जिभेला चार वर्षं ह्याच गावाची सवय आहे, तेव्हा जिरं अजिबात काढून टाकू नका, अर्धा चमचा, अख्खं भाजून, वाटणात.

चाकणकर
मान्य. पुएब्लात मी जिरं फार कमी खाल्लं, पण मुलाला सॅन अँटोनिओ हवंय, पुएब्ला नाही. जिरं असू दे.

ओवी
आणि ओरेगॅनो? पिझ्झाबरोबर येतात त्या पुड्या चालतात का, आमच्याकडे डबाभर साठल्यात.

चाकणकर
चालतात, पण तो वेगळा. पिझ्झावाला पुदिना-तुळशीच्या कुळातला, मेक्सिकन ओरेगॅनो वर्बेनाच्या कुळातला, आपली घाणेरी आहे ना रस्त्याकडेची, तिचं कूळ. म्हणून घाणेरीची पानं कुणी घालू नका, ती विषारी आहे. मेक्सिकन ओरेगॅनोला जरा लिंबासारखा, रानटी वास असतो. मी पुडीतला ओरेगॅनो हातावर चोळतो आणि वाटणात पाव चमचा धणे भाजून घालतो, बरंच जवळ जातं.

गॅलरीतली_बाग
पानओवा घालून बघा ना, जाड केसाळ पानांचा, आपण भजी करतो तो. त्यालाच इंग्रजीत क्युबन ओरेगॅनो म्हणतात आणि मेक्सिकोतही स्वयंपाकात वापरतात. एकच पान, बारीक चिरून, शेवटी. दोन घातली तर ओव्याशिवाय काही लागत नाही. कुंडीत काडी खोचली तरी लागतो.

नवशिका
धूर कसा आणायचा? डबा नाही मिळाला तर?

ओवी
निखारा. कोळसा गॅसवर लाल करून वाटीत, वाटी पातेल्यात मधोमध, वरून तेलाचे चार थेंब, लगेच घट्ट झाकण, पाच मिनिटं. शेवंतीताईंना तूप चालणार नाही, तेलच घ्या. दहा मिनिटं ठेवलं तर धुराने कडू होतं, मी एकदा केलंय. कोळसा नसेल तर स्मोक्ड पॅप्रिका एक चमचा, ती आता बऱ्याच ठिकाणी मिळते, पण वाटण तेलात परतताना घालू नका, पटकन जळते, रस्सा ओतल्यावर घाला.

तांबडारस्सा
हे निखाऱ्याचं पटलं. आमच्या गावच्या घरी चूल हाय, चुलीवर टांगलेल्या मिरच्यांना हाच वास लागतो. चाकणकर साहेब, तुम्ही म्हणता तसं बेडगी घालून करून बघतो, वर दोन संकेश्वरी घातल्या तर चालतील का?

चाकणकर
चालतील की. दोन कशाला, चार घाला, फक्त बिया काढून.

शेवंती
सगळ्यांचं वाचून काल केलं, आणि जसं झालं तसं सांगते. बेडगी तव्यावर टाकली आणि फोन वाजला, अर्धा मिनिटही नसेल, पण तेवढ्यात तीन मिरच्या काळ्या झाल्या आणि घरभर ठसका, शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारायला आल्या. वाटलं तीनच तर आहेत, बाकीच्यांबरोबर वाटून टाकल्या. वाटण तेलात परतलं, रंग छान आला, पण घास तोंडात घातला आणि मागून कडू. चाकणकर दादांनी लिहिलं होतं, तरी मी टाकल्या नाहीत, मला मिरच्या टाकवल्या नाहीत. गूळ घातला, टोमॅटो वाढवला, नाही गेलं. लेकाने तेही खाल्लं, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

टोफू मात्र फ्रीझरवाला जमला. आतपर्यंत तांबडा झाला होता, पहिल्यांदाच.

लातूरची_लेक
ताई, टोफू जमला म्हणजे अवघड भाग जमला. मिरच्या एकेक करून भाजा, मंद आचेवर, चिमट्याने धरून. घाई नसेल अशा वेळी.

म्हापसेकरीण
होय, आणि मिरची भाजताना शेजारी भिजवायचं पाणी तयार ठेवायचं, तव्यावरून सरळ पाण्यात. थाळीत काढली तरी ती आपल्या उष्णतेने पुढे काळी होत राहते.

शेवंती
आज रविवार, सकाळी कुणी उठायच्या आधी केलं, फोन दुसऱ्या खोलीत. आता प्रमाणासकट लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

टोफू ४०० ग्रॅम, दोन दिवस फ्रीझरमध्ये होता, रात्रभर खाली ठेवून वितळवला, गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून तळव्यांत हलका पिळला आणि हाताने तोडला. बेडगी आठ, काश्मिरी चार, बिया काढून, एकेक करून भाजली आणि तव्यावरून थेट गरम पाण्यात. मध्यम टोमॅटो तीन, कांदा एक, लसणाच्या सहा पाकळ्या सालासकट, सगळं तव्यावर डाग पडेपर्यंत. जिरं अर्धा चमचा, धणे पाव चमचा, एक लवंग, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, काळ्या मनुका पाच, व्हिनेगर एक मोठा चमचा. हे सगळं पाट्यावर वाटलं. मिक्सरमध्येही झालं असतं, पण दादांनी मेतातेचं लिहिलं होतं आणि मला सासूबाईंचा पाटा काढायचाच होता, सहा वर्षं भिंतीला टेकून उभा होता. वाटण मिक्सरपेक्षा जाडसर राहिलं, ते चांगलं लागलं.

भावनगरी दोन आणि ढोबळी अर्धी गॅसवर भाजून, साल काढून, चिरून बाजूला.

लोखंडी कढईत दोन चमचे तेल, टोफू आधी नुसताच परतला, दहा मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत, फार हलवला नाही. तो काढून त्याच कढईत अजून दोन चमचे तेल, वाटण घातलं, चरचर झाली तेव्हाच मनात बरं वाटलं. बारा-तेरा मिनिटं परतलं, तेल सुटलं. मिरच्या भिजवलेलं पाणी चाखून बघितलं, ते जरा कडसर होतं म्हणून नाही वापरलं, साधं गरम पाणी कपभर. टोफू, भाजलेल्या मिरच्या, ओरेगॅनो, मीठ, झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटं. शेवटी निखारा, बरोबर पाच मिनिटं घड्याळ लावून. वर लिंबू आणि कोथिंबीर.

लेकाला वासानेच जाग आली. कढईचं झाकण काढून तो उभाच राहिला काही वेळ. मग तसाच, तोंड धुवायच्या आधी, चमच्याने खाल्लं. म्हणाला आई हे तिथल्यापेक्षा तिखट आहे, पण वास तोच आहे. तीन वेळा वाढून घेतलं आणि दुपारसाठी डब्यात वेगळं काढून ठेव म्हणाला. चार वर्षांनी त्याने माझ्याकडे काहीतरी मागितलं. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही.

ह्यूस्टनकर
वाचून फार बरं वाटलं ताई. मी पण रेशादचं केलं, बायको म्हणाली दर आठवड्याला कर.

लिंबाचं एक सांगायचं राहिलं, तुम्ही घातलंत ते बरोबरच. मेक्सिकोत टॅकोवर पिळतात ते छोटं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच, एकच जात. इथे आम्हाला ते शोधत फिरायला लागतं, सुपरमार्केटमधली मोठी हिरवी लिंबं वेगळी, त्यांना तो वास नाही.

चाकणकर
पाट्यावर वाटलंत, ते वाचून घरमालकीणबाईंना फोटो पाठवावा असं वाटलं, तुम्हाला चालत असेल तर टाका एखादा पाट्याचा.

मिरच्यांचं पाणी चाखून मग फेकलंत ते अगदी योग्य, तिथेही चाखूनच ठरवतात.

ओवी
ताई, कशाबरोबर खाल्लं? भात की पोळी?

शेवंती
सकाळी नुसतंच. दुपारी ज्वारीच्या भाकरीबरोबर, छान लागलं. मक्याची भाकरी करून बघितली होती मागे पण ती तुटते, टॉर्टियासारखी वळत नाही, असं का होतं?

चाकणकर
पीठ वेगळं असतं. आपण मका कोरडा दळतो. तिथे अख्खा मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात, साल निघून जाते आणि मग ओलाच वाटतात. चुन्यामुळे दाणा चिकट होतो, म्हणून टॉर्टिया वळते. नुसतं वळण्यापुरतं नाही हे, मक्यातलं नायसिन जीवनसत्त्व त्याशिवाय अंगी लागत नाही. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, आणि जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगत होते तिथे पेलाग्रा नावाचा आजार पसरला. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊन तो होत नव्हता.

घरी करायचं तर किलोभर वाळलेल्या मक्याला साधारण दहा ग्रॅम खायचा चुना, भिंतीला लावायचा नाही, आणि स्टीलचं पातेलं, ॲल्युमिनियमचं अजिबात नको, चुना त्याला खातो. अर्धा तास उकळायचं, झाकून रात्रभर, सकाळी तीन-चार पाण्यांनी धुवायचं. तुमच्याकडे पाटा आहेच. पण ज्वारीची भाकरी चांगली लागत असेल तर ती सोडायचं काही कारण नाही.

गॅलरीतली_बाग
वाटण उरलं तर किती टिकतं? मी दुप्पट करायचं म्हणतेय.

शेवंती
फ्रीजमध्ये मी तीन-चार दिवसच ठेवलं. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवलंय, तेलात परतून झालेलं, कच्चं नाही. एका टोफूला चार वड्या पुरतील असं वाटतं.

लातूरची_लेक
घरी टोफू करणार असलात तर एक सांगून ठेवते. सोयाबीनचं दूध वीस मिनिटं तरी नीट उकळायचं, कच्चं सोयाबीन पचत नाही, आणि पातेलं मोठं घ्या कारण ते एकदम वर येतं. लिंबाने विरजलं तर टोफू भुसभुशीत आणि किंचित आंबट होतो, पण ह्या कुस्करायच्या भाजीला तो चालतो. पाव किलो सोयाबीनचा माझ्याकडे साडेतीनशे-चारशे ग्रॅम होतो. जिप्समने घट्ट होतो पण खाण्यासाठीचं म्हणून विकतात तेच आणा, हार्डवेअरच्या दुकानातलं नको. गाळून उरतो तो चोथा टाकू नका, थालीपिठात घाला.

शेवंती
हे पुढच्या आठवड्यात. आता लेकाला त्याचा अख्खा बाऊल हवाय, भात आणि त्या ठिपक्यांच्या राजम्यासारख्या दाण्यांसकट. पिंटो का काय म्हणाला. इथे काय घेऊ?

तांबडारस्सा
वाघ्या घेवडा घ्या ताई. कोरेगावकडचा. अंगावर पट्टे असतात बघा.

चाकणकर
अगदी बरोबर सांगितलंत भाऊ. पिंटो, राजमा, वाघ्या घेवडा सगळे एकाच जातीतले, आणि मूळ तिकडचेच. आठ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात कांद्याचा तुकडा आणि लसूण घालून कुकरला पाच शिट्ट्या. कच्चट राहू देऊ नका, पोट बिघडतं. मीठ घालून मग दहा मिनिटं उघडंच उकळा, रस दाट होतो.

शेवंती
सकाळी भिजत घातलाय, आत्ता बघितलं तर चांगला टपोरला आहे. कुकर लावते.